सात ओळींचे कोष्टक

डावीकडच्या रकान्यात पौंडांतली वजने आहेत: ०, ६, ६½, ७, ७½, ८, ९. त्यांच्यासमोर पवनचक्कीने घेतलेले फेरे: १०८, ८५, ८१, ७८, ७३, ६५, ०. तिसऱ्या रकान्यात दोहोंचा गुणाकार: ०, ५१०, ५२६½, ५४६, ५४७½, ५२०, ०. पाचव्या ओळीपुढे एक शब्द आहे, कमाल. बस, एवढेच कोष्टक. वर चारदोन ओळींत चक्कीची मापे दिली आहेत: पात्याची लांबी मध्यापासून टोकापर्यंत २१ इंच, त्यातले कापड १८ इंच लांब, ५.६ इंच रुंद, वाऱ्याचा वेग सेकंदाला ६ फूट, प्रत्येक प्रयोगाला वेळ ५२ सेकंद.

हे कोष्टक जॉन स्मीटन या इंग्रज अभियंत्याचे. लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे १७५९ साली त्याने एक लांबलचक निबंध वाचला, त्याच्या तिसऱ्या भागात ते येते. निबंधाचे नावही त्या काळाला साजेसे लांब आहे. मराठीत त्याचा आशय असा: गिरण्या व गोल फिरणारी इतर यंत्रे चालवण्याच्या पाण्याच्या व वाऱ्याच्या नैसर्गिक शक्तींचा प्रयोगांनी घेतलेला शोध. पहिले दोन भाग पाणचक्क्यांचे, तिसरा पवनचक्कीच्या पात्यांचा. याच निबंधासाठी सोसायटीने त्याला त्या वर्षीचे कॉपली पदक दिले. स्मीटनचे नाव लोकांना आठवते ते एडिस्टनच्या दीपगृहासाठी. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यापुढे भर समुद्रातल्या खडकावर त्याने ते उभारले आणि तेही १७५९ सालीच पुरे झाले. दीपगृहाची कीर्ती रास्त आहे. मला मात्र तो भेटतो तो या सात ओळींत, आणि अनेक वर्षे मी पुन्हा पुन्हा तिथे जातो.

कारण आज जगभरच्या पवनऊर्जा प्रकल्पांत जो प्रश्न रोज विचारला जातो, तो त्याने इथे पहिल्यांदा नीट मांडला. पात्यात बदल केला, तर वाऱ्याकडून मिळणारे काम किती वाढले? ते पात्यामुळेच वाढले, वाऱ्यामुळे नाही, हे कशावरून?

आधी त्या ओळीच वाचू. पहिल्या ओळीत भार नाही. चक्की मोकळी, ५२ सेकंदांत १०८ फेरे, आणि काम शून्य. शेवटच्या ओळीत नऊ पौंड टांगले आहेत. चक्की जागची हलत नाही, आणि काम पुन्हा शून्य. पहिल्या ओळीतली चक्की बघणाऱ्याला फार छान वाटेल, शेवटच्या ओळीतली थकलेली. स्मीटनच्या हिशेबात दोघी सारख्याच. भार आणि गती या दोन्ही गोष्टी एकदम हजर असतील तेव्हाच काम होते, ही गोष्ट शब्दांत सांगायला वाक्ये लागतात. इथे दोन शून्ये कोष्टकाच्या दोन टोकांना ठेवली आहेत आणि मधल्या पाच ओळींना आपोआप अर्थ आला आहे.

आता त्या मधल्या ओळी. सहा पौंडांना गुणाकार ५१०, साडेसहांना ५२६½, सातांना ५४६, साडेसातांना ५४७½. सात ते साडेसात या अर्ध्या पौंडात वाढ केवळ दीड. म्हणजे डोंगराचा माथा सुळक्यासारखा नाही, पठारासारखा आहे. पण त्या पठाराची पलीकडची कड बघा. आठ पौंडांना ५२० आणि नऊ पौंडांना काहीच नाही. अलीकडून चढ सावकाश आहे, पलीकडे कडा तुटलेला आहे. ज्याला ही चक्की चालवायची आहे त्याने माथ्याच्या जरा अलीकडेच राहावे. तिथे थोडे गमावून फार सुरक्षितता मिळते. कमाल कामाच्या वेळी वेग मोकळ्या वेगाच्या दोन तृतीयांशांच्या आसपास असतो, आणि भार चक्की थांबवणाऱ्या भाराच्या पाच षष्ठांश: ७३ ला १०८ ने भागा, ७½ ला ९ ने भागा. गिरणीवाल्याला उपयोगी पडतील असे हे दोन अपूर्णांक कोष्टकातच पडून आहेत, फक्त वाकून उचलायचे.

एकदा मी हे आकडे आजच्या सूत्रात घालून पाहिले. निबंधात दिले आहे की वीस फेऱ्यांना वजन ११.३ इंच वर चढे. त्यावरून ७३ फेऱ्यांना साडेसात पौंड सव्वाएकेचाळीस इंचांच्या आसपास चढले. ५२ सेकंदांत झालेल्या या कामाची शक्ती निघते सुमारे ०.६७ वॉट. २१ इंच लांबीची पाती जेवढे वर्तुळ झाडतात तेवढ्यातून सेकंदाला सहा फूट वेगाने जाणाऱ्या हवेची शक्ती सुमारे ३.३५ वॉट. म्हणजे वाऱ्यात होते त्याचा बरोबर एक पंचमांश स्मीटनच्या लाकूड-कापडाच्या खेळण्याने काढून घेतला, आणि घर्षणात गेले ते यात धरलेलेच नाही. कोणत्याही पवनचक्कीला वाऱ्यातली सोळा सत्ताविसांशाहून, म्हणजे ५९.३ टक्क्यांहून जास्त शक्ती घेता येत नाही, ही मर्यादा जर्मन शास्त्रज्ञ आल्बेर्ट बेट्झ याने १९२० साली दाखवली. ते सूत्र स्मीटनच्या निबंधाहून एकशे साठ वर्षांनी धाकटे. तरीही त्याचे जुने आकडे नव्या सूत्रात सहज बसतात. कुठे अशक्य उत्तर येत नाही, कुठे ओढाताण करावी लागत नाही. खरे मोजलेल्या आकड्याची ही खूण असते, आणि हा हिशेब जुळला त्या संध्याकाळी मला झालेला आनंद एखाद्या ओळीचा अर्थ अचानक उलगडावा तसाच होता.

पण या सात ओळी शक्य झाल्या त्या एका निर्णयामुळे. तो समजायला मी वाचकांना साताऱ्याकडे नेतो.

साताऱ्याहून ठोसेघरच्या पुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. हजार मीटरहून उंच, झाडे तुरळक, आणि क्षितिजापर्यंत पवनचक्क्या. पुढे पाटण तालुक्यात वनकुसवडे. महाराष्ट्रातल्या पवनऊर्जेची सुरुवातीची मोठी वसाहत ती हीच. तिथे मे महिन्यात उभे राहा आणि मग जुलैत. मृगाच्या आसपास पश्चिमेचा वारा जो सुरू होतो तो श्रावणापर्यंत माणसाला नीट उभे राहू देत नाही. वर्षभराच्या विजेचा मोठा वाटा या तीन-चार महिन्यांत निघतो. आता समजा, एका चक्कीच्या पात्यांवर मे महिन्यात काही सुधारणा केली आणि जुलैत वीज तिप्पट निघाली. श्रेय कुणाचे? अर्थातच पावसाळी वाऱ्याचे. तिथपर्यंत कुणीही सांगेल. पण त्या तिप्पटीच्या पोटात पात्याचे दोन टक्के दडलेले आहेत का, हे कुणी सांगायचे?

अडचण वाटते त्याहून खोल आहे, कारण वाऱ्याची शक्ती वेगाच्या घनाने वाढते. वेग एका टक्क्याने वाढला तर शक्ती तीन टक्क्यांनी वाढते. म्हणजे पात्यातल्या दोन टक्क्यांच्या सुधारणेवर बोलायचे तर वाऱ्याचा वेग एका टक्क्याच्या आतल्या अचूकतेने ठाऊक हवा. मोजणाऱ्याची वाऱ्याच्या वेगात झालेली बारीकशी चूकही सगळी सुधारणा गिळून टाकते, किंवा नसलेली सुधारणा दाखवते.

स्मीटनने निबंधाच्या या भागाच्या आरंभीच सांगून टाकले आहे की खरा वारा या कामाला बेभरवशाचा, म्हणून कृत्रिम वारा हवा. हे वाचताना मला खळे आठवते. उफणायला उभे राहावे आणि वारा पडावा, हा अनुभव जुन्या शेतकऱ्याला नवा नव्हता. मग दोघे जण घोंगडीची किंवा धोतराची टोके धरून वारा घालत आणि भुसा उडे. स्मीटनपुढे तोच मार्ग होता. पण वारा घालून सगळीकडे सारख्या वेगाचा मोठा झोत मिळवणे त्याला अवघड दिसले. तेव्हा त्याने उलटे केले. हवा स्थिर ठेवली आणि चक्कीच हवेतून फिरवली. एक उभा खांब, त्याला आडवा हात, हाताच्या टोकाला छोटी चक्की. खांबाला गुंडाळलेली दोरी माणसाने ओढायची म्हणजे आडवा हात गोल फिरतो आणि चक्कीला समोरून वारा लागतो. हाताचा वेग कमी-जास्त होऊ नये म्हणून शेजारी एक लंबक. लाकडी दांडीवर शिशाचे दोन गोळे वरखाली सरकवून त्याचे झोके हव्या त्या ठेक्यात बसवायचे, आणि दोरी ओढणाऱ्याने त्या ठेक्यावर ओढायचे.

या कल्पनेत तो एकटा नव्हता आणि त्याने तसे भासवलेही नाही. हार्बरो गावच्या राउस नावाच्या गृहस्थांनी असे प्रयोग आधी सुरू केले होते आणि त्याच सुमाराला एलिकट यांनी बेंजामिन रॉबिन्ससाठी हवेचा विरोध मोजणारे यंत्र बनवले होते, हे तो नावानिशी सांगतो. मग स्वतःचे यंत्र मांडतो. त्यातला एक तपशील मला विशेष आवडतो. चक्की गोल फिरत असताना तिने उचललेले वजन कुठे टांगायचे? हाताच्या टोकाला टांगले तर ते बाहेर फेकले जाईल, झोके खाईल. स्मीटनने दोरी फिरवून मधल्या खांबाशी आणली आणि पारडे खांबाच्या रेषेतच वरखाली होईल अशी सोय केली. भोवती सगळे गरगरते आहे आणि मधोमध पारडे शांतपणे सरळ वर चढते आहे. निबंधातली यंत्राची आकृती बघताना माझी नजर दर वेळी त्या पारड्यावर थांबते. उपकरणे बनवण्याचा धंदा करून अभियांत्रिकीत आलेल्या माणसाचा हात तिथे दिसतो.

हे यंत्र निर्दोष नव्हते. बंद जागेत हात फिरत राहिला की जवळची हवा त्याच्यामागे थोडी ओढली जाते आणि चक्कीला लागणारा वारा मोजल्यापेक्षा मंद होतो. पण पाती एकमेकांशी तोलायची असतील तर हा दोष सगळ्यांच्या वाट्याला जवळपास सारखाच येतो. स्मीटनला हवी होती ती तुलना. एक पाते दुसऱ्याहून किती बरे, एवढेच विचारायचे असेल तर दोघांना एकाच दोषाच्या तराजूत घालता येते. पुढच्या अडीचशे वर्षांतली या विषयातली सगळी हुशारी या एका गोष्टीभोवती फिरते, म्हणून ती इथेच लक्षात ठेवावी.

आता पाती. त्या काळची पाती म्हणजे लाकडी चौकटीवर ताणलेले कापड. प्रश्न हा की ते फिरण्याच्या पातळीशी किती कलते ठेवायचे. फ्रान्समधल्या आंत्वान पारां या गणितज्ञाने अठराव्या शतकाच्या आरंभी हिशेब करून उत्तर दिले होते, सुमारे ३५ अंश. स्मीटनने सपाट पाती ३५ अंशांवर लावून पाहिली. त्याने तपासलेल्या सगळ्या मांडण्यांत ती सर्वांत वाईट ठरली. तेवढेच कापड १५ ते १८ अंशांवर, म्हणजे गिरण्या बांधणारे सुतार लावत तसे लावले तर काम जवळजवळ दीडपट होई. पारांचे गणित चुकले नव्हते. पण ते स्थिर उभ्या पात्याचे गणित होते. चक्की सुटताना जोर कोणत्या कोनात जास्त, एवढेच ते सांगत होते. पाते फिरू लागले की त्याला लागणारा वारा बदलतो. पावसात उभे असताना आपण छत्री सरळ धरतो, चालू लागलो की पुढे कलवतो, आणि पळू लागलो तर जवळजवळ आडवी करतो. पाऊस तोच असतो, आपल्याला लागणारा वेगळा असतो. पात्याचे टोक मुळापेक्षा कितीतरी वेगाने पळते, तेव्हा टोकाची छत्री आणि मुळाची छत्री एकाच कोनात धरून कसे चालेल? स्कॉटलंडच्या कॉलिन मॅक्लॉरिनने १७४२ च्या आपल्या ग्रंथात हे गणिताने सांगितले होते. आणि हॉलंडमधले चक्की बांधणारे कारागीर, कुठलेही गणित न मांडता, पिढ्यान्‌पिढ्या पात्यांना पीळ देत आले होते.

स्मीटनने तिघांनाही एकाच पारड्यासमोर उभे केले. पारांचे सपाट पाते, मॅक्लॉरिनच्या सूत्राने वळवलेले पाते, डच कारागिरांच्या धर्तीचे पाते. प्रत्येकाचा सगळा कोन थोडा थोडा बदलत कमाल शोधली. शेवटी त्याने स्वतःच्या पसंतीचा पीळ दिला आहे. मुळापासून टोकापर्यंत पात्याचे सहा भाग करायचे, आणि कोन असे: १८, १९, १८, १६, १२½, ७.

हे सहा आकडे मोठ्याने वाचून पाहा. नुसते गणित असते तर ते मुळाशी सर्वांत मोठे असते आणि टोकाकडे उतरत गेले असते. इथे पहिला १८ आहे, दुसरा १९, मग पुन्हा १८. मुळाजवळ एक हलकासा फुगवटा आहे आणि टोकाकडे वेगाने घसरण. डच शिडाचे ते पोट आहे. म्हणजे या ओळीत पुस्तकातले गणित आणि सुताराचा रंधा दोन्ही उतरले आहेत, आणि मधे बसलेल्या माणसाने कुणाचीही भीड न ठेवता वजने टांगून दोघांचे ऐकले आहे. आजच्या पन्नास-साठ मीटर लांबीच्या पात्यालाही असाच पीळ असतो, मुळाशी जास्त आणि टोकाशी जवळजवळ शून्य. चाळकेवाडीला एखादे पाते ट्रकवरून वळणे घेत वर जाताना दिसले तर मागून बघा, पीळ डोळ्यांना दिसतो.

कापड वाढवण्याविषयीही त्याने विचारले. टोकाकडे रुंदी वाढवली तर काम वाढते, हे दिसले. म्हणून तो वाढवत गेला. पण वर्तुळाचा सात अष्टमांश भाग कापडाने भरल्यावर काम वाढायचे सोडून घटू लागले. हवेला निघून जायला वाट हवी, एवढे सोपे कारण. बेट्झच्या मर्यादेचा गाभा हाच आहे: वारा पूर्ण अडवला तर तो मागे साचतो आणि नवा वारा येत नाही. स्मीटनकडे त्याचे सूत्र नव्हते. त्याच्याकडे घटलेला आकडा होता आणि त्याने तो लिहून ठेवला.

या सगळ्यातून तो काही नियम काढतो. पात्यांचा वेग वाऱ्याच्या वेगाच्या प्रमाणात. भार वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात. काम वेगाच्या घनाच्या प्रमाणात. पवनऊर्जेचा पायाच हा तिसरा नियम. पण दुसऱ्या आणि तिसऱ्या नियमात तो एक पुस्ती जोडतो, की जवळपास, पण जरा कमी. मला या पुस्तीचा फार आदर वाटतो. वर्ग आणि घन इतके देखणे आकडे आहेत की दुसऱ्या कुणी तिथेच थांबून टाळ्या घेतल्या असत्या. त्याच्या हाताखालच्या वजनांनी त्याला सांगितले की आकडा घनाच्या किंचित खाली येतो, आणि तो किंचितपणा त्याने नियमाच्या वाक्यातच बसवला, तळटीपेत ढकलला नाही.

निबंधात एक जागा मात्र अशी आहे की जिथे त्याने स्वतः मोजले नाही. वाऱ्याच्या वेगाबरोबर सपाट पृष्ठभागावर किती दाब येतो याचे एक कोष्टक त्याने छापले आहे. ते त्याला राउस यांच्याकडून मिळालेले, आणि तसे त्याने लिहिले आहे. ताशी पन्नास मैलांच्या वरच्या वेगांचे आकडे तितके भरवशाचे वाटत नाहीत, अशी सूचनाही दिली आहे. पुढे झाले असे की सूचना मागे पडली, राउस मागे पडले, आणि कोष्टकामागचा गुणांक, ताशी मैलातल्या वेगाच्या वर्गाला ०.००५, स्मीटनचा गुणांक म्हणून दीडशे वर्षे पुस्तकांतून चालत आला. ऑर्व्हिल आणि विल्बर राइट यांनी आपल्या ग्लायडरचे पंख त्यावर बेतले. १९०१ च्या उन्हाळ्यात किटी हॉकच्या वाळूवर त्यांचा ग्लायडर हिशेबापेक्षा फार कमी उचलला गेला. निराश होऊन ते डेटनला परतले, एक लाकडी पेटीचा वातबोगदा बनवला, मोजमाप सगळे नव्याने केले. त्यांनी स्वतः काढलेला गुणांक ०.००३३ च्या आसपास होता. आज मानला जाणारा आकडा याच्या अगदी जवळ आहे. राइट बंधूंनी केले ते स्मीटनच्याच रीतीचे काम होते. उसना आकडा बाजूला ठेवला आणि आपल्या तराजूवर आपण तोलले.

आता आजचा प्रश्न. पवनचक्की उभी राहून दहा-पंधरा वर्षे झाली की पात्यांची पुढची धार धूळ आणि पावसाने खरवडते, मुळाकडच्या जाड भागावरून हवा नीट चिकटून वाहत नाही. तिथे काही सेंटिमीटर उंचीच्या छोट्या पंखांची रांग चिकटवतात. त्यांना व्होर्टेक्स जनरेटर म्हणतात. प्रत्येक पंख हवेत एक बारीक भोवरा सोडतो. तो भोवरा वरची वेगवान हवा पात्याच्या पृष्ठभागाकडे खेचून आणतो आणि हवेचा थर सुटायचा लांबतो. काम साधे आहे, खर्चही नव्या पात्याच्या मानाने किरकोळ, आणि अपेक्षित वाढ एक-दोन ते फार तर चार-पाच टक्के. शेकडो चक्क्यांच्या प्रकल्पात हे टक्के म्हणजे मोठी रक्कम. पण ते खरोखर मिळाले का?

हे विचारायला गेले की आधी भेटतो तो वेगमापी. प्रत्येक चक्कीच्या डोक्यावर, पात्यांच्या मागे, एक छोटा वेगमापी बसवलेला असतो. तो जो वारा मोजतो तो पात्यांमधून आलेला, पात्यांनी मंदावलेला. पाते बदलले की पात्यांमागचा वाराही बदलतो, आणि वेगमापीचा आकडाही. ज्या मोजपट्टीने सुधारणा मोजायची तीच सुधारणेमुळे लांबी बदलते. पहिल्यांदा हे समजले तेव्हा मी अवाक झालो होतो. म्हणून आंतरराष्ट्रीय मानक सांगते की वेगळा मनोरा उभारा, चक्कीपासून पात्यांच्या वर्तुळाच्या व्यासाच्या दोन ते चार पट अंतरावर, आणि दहा-दहा मिनिटांच्या सरासरीने मोजा. हवेची घनताही धरा. चाळकेवाडीच्या उंचीवर हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे एक दशांश विरळ असते, आणि मे-जुलैमध्ये तीही बदलते.

स्मीटन वारा थांबवून चक्की फिरवू शकला. शंभर मीटर उंच चक्कीला आडव्या हाताला बांधता येत नाही. मग आजच्या संख्याशास्त्रज्ञांनी काय केले? या विषयावरच्या अनेक निबंधांतला माझ्या आवडीचा एक २०१५ साली 'विंड एनर्जी' या नियतकालिकात आला. लेखक गिह्यून ली, यू डिंग, ले शिए आणि मार्क जेंटन, आणि त्यांच्या पद्धतीचे नाव कर्नल प्लस. त्यांनी जोडीने उभ्या असलेल्या चक्क्या घेतल्या. दोन्ही सारख्या बनावटीच्या, शेजारी मनोरा. एकीवर बदल करायचा, दुसरीला हात लावायचा नाही. वारा बदलला, ऋतू बदलला, तर तो दोघींना बदलेल. पाते बदलले ते एकीचेच. स्मीटनच्या यंत्रातला जो सामाईक दोष आपण वर लक्षात ठेवला, तो इथे शेजारणीच्या रूपाने परत आला आहे.

पद्धतीचा कर्नल हा भाग समजायला कठीण नाही. आजचा दिवस ज्या जुन्या दिवसांसारखा आहे, त्यांना जास्त मान द्यायचा. वेग, दिशा, घनता, हवेतली खळबळ हे सगळे मिळून दिवस सारखा आहे की नाही हे ठरवायचे, आणि त्या दिवसांवरून बदलाआधीची चक्की आज किती वीज देती याचा अंदाज बांधायचा. नावातला प्लस म्हणजे त्यापुढची पायरी. त्याच जुन्या दिवसांत आपला अंदाज किती चुकला होता हे बघायचे आणि तेवढी दुरुस्ती आजच्या अंदाजात करायची. चांगला सोनार तराजू हातात घेतला की आधी रिकामी पारडी बघतो, तसे.

पण मला सर्वांत भावते ते त्यांनी पद्धतीची परीक्षा कशी घेतली ते. दोन जोड्यांपैकी एका जोडीत व्होर्टेक्स जनरेटर खरोखर बसवले होते. तिथे खरे उत्तर कुणालाच ठाऊक नव्हते, कारण ते ठाऊक असते तर पद्धतच नको होती. म्हणून दुसऱ्या जोडीत त्यांनी पात्याला हात न लावता नोंदीतच बदल केला. वाऱ्याचा वेग सेकंदाला ९ मीटरहून जास्त असेल तिथे एका चक्कीच्या विजेचा आकडा पाच टक्क्यांनी वाढवून ठेवला. पात्यांचा कोन सुधारल्यावर वीज ज्या तऱ्हेने वाढेल तिची ती नक्कल. कमी वेगाच्या नोंदी जशाच्या तशा ठेवल्याने एकूण उत्पादनात ती वाढ पाच टक्क्यांहून कमी भरते, आणि नेमकी किती भरते हे त्यांना पक्के ठाऊक होते. मग आपल्या पद्धतीला विचारले, सांग, किती वाढले. सासरी जाणाऱ्या लेकीच्या मुठीत आईने नाणी मोजून ठेवावीत आणि वाटेतल्या प्रत्येकाने ती मोजून बघावीत, तरी आईचा आकडा बदलत नाही. असा एक आईचा आकडा त्यांनी तयार केला. निसर्ग खरे उत्तर देत नाही तिथे आपणच एक उत्तर लपवून ठेवायचे आणि आपल्या मोजपट्टीला ते सापडते का ते पाहायचे. नऊ पौंड टांगून चक्की थांबते का ते पाहणाऱ्या माणसाला ही युक्ती लगेच कळली असती.

अशा मोजणीला वेळ लागतो. बदलाआधीचे महिने हवेत, बदलानंतरचे हवेत, आणि दोन्हींत जोराचे व मंद, कोरडे व ओले असे सगळे वारे येऊन गेलेले हवेत. जुलैत बदल करून ऑगस्टमध्ये निकाल मागणाऱ्याला चाळकेवाडीचा वारा उत्तर देणार नाही.

स्मीटनने निबंधाच्या आरंभी सांगितले आहे की नमुन्याच्या यंत्रांवरचे हे प्रयोग त्याने १७५२ आणि १७५३ मध्ये केले होते, पण त्यांतून निघालेली अनुमाने खऱ्या, पूर्ण आकाराच्या कामांत पडताळून पाहायची संधी मिळेपर्यंत ती सोसायटीपुढे आणणे त्याने लांबणीवर टाकले. कोष्टकाच्या सात ओळी, प्रत्येक ओळीला ५२ सेकंद, म्हणजे दोरी ओढण्याचा सगळा वेळ सहा मिनिटे आणि चार सेकंद. त्या वाचून दाखवायला तो सहा वर्षे थांबला.